किर्तीताईचे दहा नंबरचे पाय

अंबरनाथच्या मोरिवलीत माणसाची ओळख दोन गोष्टींवरून पटते: तो कुणाचा कोण आणि कुठल्या कंपनीत. किर्तीताईला मात्र लोक पायांवरून ओळखतात. दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगात एखादी होडी उलटल्यासारखी चप्पल दिसली की समजायचं, किर्ती घरी आहे. गेल्या हिवाळ्यात ही होडी पोर्तुगालला होती. ती तिथेच राहणार की परत आमच्या उंबऱ्याला लागणार, हे ठरेपर्यंत आमच्या घरात कुणाला धड जेवण गेलं नाही.

किर्तीताई म्हणजे माझ्या राजूकाकाची मुलगी. उंची सहा फूट एक इंच. घर दोन खोल्यांचं, आणि त्यात आजोबा म्हणजे आण्णा, आजी म्हणजे विठा, दोन भावांचे दोन संसार, शिवाय एक कपाट, जे माणसांपेक्षा जास्त जागा खातं. आजीचा नियम असा की कुणाला पाय लागला तर वाकायचं, ज्याला लागला त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. नियम काही जगावेगळा नाही, तुमच्याही घरात असेल. पण तुमचा पाय कधीतरी चुकून लागतो. ताईने कूस बदलली तरी तिघांना लागायचा. पाणी प्यायला उठली की चौघांना. नमस्कार करून करून तिला इतकी सवय झाली की ती झोपेतसुद्धा हात लांब करून समोरच्याला चाचपायची आणि तोच हात आपल्या कपाळावर मारायची. राजूकाका म्हणायचा, "हिचा हात लागला का मना वाटतं उंदीर आला."

बास्केटबॉल तिच्याकडे नारळाच्या रूपाने आला. महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या रस्त्यावर राजूकाका नारळ आणि बेलाची गाडी लावतो. गर्दी अशी की गाडीपर्यंत माणूस पोचत नाही, ओरडतो फक्त. तेव्हा तेरा वर्षांची ताई गाडीमागे उभी राहून लोकांच्या डोक्यांवरून नारळ फेकायची. हिरवा सदरा, घ्या! चष्मेवाल्या काकू, घ्या! नारळ बरोब्बर ओंजळीत. त्यातला एक शशिकांत सरांच्या छातीशी आला आणि त्यांनी घाबरून तो झेलला.

सर तेव्हा एका कारखान्यातून अधिकारी म्हणून नुकतेच रिटायर झाले होते आणि कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टवर मुलांना बास्केटबॉल शिकवायचे. ते गर्दी कापत गाडीपाशी आले. त्यांचं बोलणं वाचताना हनुवटी वर करायची आणि प्रत्येक वाक्यानंतर समोर शंभर माणसं बसल्यासारखं थांबायचं.

"बाळ, तुझी उंची किती?"

ताई लाजून मागे सरकली ती गाडीला वळसा घालून थेट सरांच्या बुटावर. लगेच वाकली, बुटाला हात, हात कपाळाला.

सर गहिवरले. "आय टेल यू," ते राजूकाकाला म्हणाले, "उंची आहे, हात आहे आणि वर संस्कार! हे कॉम्बिनेशन मी पस्तीस वर्षांत पाहिलं नाही!"

काकाला वाटलं गिऱ्हाईक भाव करतंय. तो म्हणाला, "साहेब, नारळाचा भाव तोच ऱ्हाईल."

पुढची चार वर्षं ताई रोज संध्याकाळी कोर्टवर. तिचं काम रिंगच्या खाली. समोरची पोरगी चेंडू घेऊन आली की तिच्यासमोर भिंत व्हायचं, हात वर, पाय रुंद. "उंची देवाची देणगी, किर्ती, पण पोझिशन स्वतःची कमाई! समजलं?" हे वाक्य सर इतक्या वेळा म्हणायचे की कॉलनीतले पोपटवाले काका सांगतात, त्यांचा पोपट अजून "पोझिशन" म्हणतो.

बुटांची पंचाईत होती. त्यासाठी उल्हासनगर. तिथल्या टेकचंद अंकलच्या दुकानात अंकल स्वतः खाली बसून पायाचं माप घ्यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी ताईचा पाय पट्टीवर ठेवला, पट्टीकडे पाहिलं, वर पाहिलं, परत पट्टीकडे पाहिलं.

"बेटी, लेडीज में सात के बाद फुलस्टॉप है. भगवान ने तेरे को दस दिया, कंपनी ने नहीं दिया."

"मग?"

"मग जेन्ट्स पहन. नीचे कौन देखता है? सब लोग ऊपर देखेंगे, के अंत किधर है."

ताईला हसू आलं, पाय हलला आणि अंकलच्या गुडघ्याला लागला. झालं. ती वाकली. अंकल टुणकन उठले. "अरे अरे साईं! मेरे को क्यों? पैर तो मेरा धंधा है! ऐसे नमस्ते करेगी तो शाम तक दुकान बंद!" पण तेव्हापासून दहा नंबरचा जोड आला की त्यांचा फोन ठरलेला: "बेटी, आ गया. जल्दी आ, नहीं तो कोई पहलवान ले जाएगा."

सरांचा मुलगा वरद अमेरिकेत होता. त्याने ताईच्या खेळाचे व्हिडीओ तिथल्या कॉलेजांना पाठवले. बऱ्याच ठिकाणांहून काही आलं नाही. कॅन्ससमधल्या एका लहान कॉलेजातून आलं: शिक्षण, राहणं, खाणं सगळं आमचं, तू फक्त खेळ. आजीने विचारलं, "खेळायचं आन् वर जेवायला पन देनार? त्यांना कुनी घरचं नाय का?"

तिथे चार वर्षं ताई खेळली, शिकली आणि "या, टोटली" म्हणायला लागली. वाकणं मात्र सुटलं नाही. बास्केटबॉलमध्ये रिंगखाली दहा जणींचे वीस पाय एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणजे ताईला दिवाळीच. पहिल्या मॅचला ती तीनदा वाकली. तिथली कोच ओरडली, "हनी, व्हॉट आर यू डूइंग डाऊन देअर? डिड यू लूज अ लेन्स?" कारण कळल्यावर कोचने तिला मिठी मारली आणि सोडून दिलं. सोडून देण्याजोगंच होतं. समोरच्या पोरी हिच्या खांद्याइतक्या; ताई वाकून उठेपर्यंतही त्या काही फार लांब गेलेल्या नसायच्या. वरून हात घालून चेंडू काढता यायचा. टीममधल्या मुली तिला "बोइंग" म्हणायच्या, कारण ती वाकून वर उठायची तेव्हा विमान उडाल्यासारखं वाटायचं.

कॉलेज संपलं. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये जागा थोड्या, म्हणून कॉलेजात खेळलेल्या पोरी देशोदेशीच्या क्लबांकडून खेळायला जातात. ताईला पोर्तुगालमधल्या समुद्रकाठच्या एका गावातल्या क्लबने बोलावलं. अट एकच: आधी काही आठवडे बघू, जमली तर मोसमभर ठेवू, नाही तर तिकीट काढून घरी. घरी आल्यावर काय, तेही ठरलेलं होतं. बदलापूरच्या एका शाळेत पीटीच्या मॅडमची जागा होती. वाईट नव्हती. पण ताई जाताना आण्णांना म्हणाली होती, "आण्णा, पीटी मी पन्नासाव्या वर्षी पण शिकवीन. खेळता आत्ताच येतंय."

पहिल्या फोनवर ती म्हणाली, "आजी, इथं पण मासे सुकवून ठेवतात. रात्रभर भिजवतात आणि मग करतात."

आजीचा जीव भांड्यात पडला. "मग तिथं मानसं ऱ्हातात म्हनायचं."

क्लबच्या मॅचेस मोबाईलवर दिसायच्या. शनिवार-रविवारी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून आम्ही सगळे समोर बसायचो. शशिकांत सर कॉलनीतून रिक्षा करून यायचे, खुर्चीवर बसायचे आणि पहिल्या मिनिटाला उभे राहायचे. पहिल्याच मॅचमध्ये ताईचा पाय समोरच्या पोरीच्या बुटावर पडला, ताई वाकली, हात बुटाला, हात कपाळाला.

घरात टाळ्या! आण्णांच्या डोळ्यांत पाणी. "बघ, बघ! साता समुद्रापल्याड गेली पन इसरली नाय!"

मी ते क्लिप करून ठेवलं, काकाने ते गावच्या ग्रुपवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ते अंबरनाथहून बदलापूरला जाऊन 'फॉरवर्डेड' होऊन आमच्याकडेच परत आलं. खाली लिहिलं होतं: "विदेशी कोर्टवर भारतीय संस्कार. अभिमान वाटला तर पुढे पाठवा." आमचे सदूशेठ हे भावी नगरसेवक आहेत. ते गेल्या दोन निवडणुकांपासून भावी आहेत. त्यांनी नाक्यावर फ्लेक्स लावला: "मोरिवलीची सुकन्या कु. किर्ती हिचे हार्दिक अभिनंदन", त्यात वाकलेली ताई आणि ताईपेक्षा मोठे सदूशेठ, गॉगलसकट.

फक्त शशिकांत सर खुश नव्हते. त्यांनी क्लिप परत लावली आणि बोट ठेवलं. "ही वाकली. बरोबर? आता ती दुसरी मुलगी कुठे आहे?"

आम्ही पाहिलं. दुसरी मुलगी पडद्याबाहेर गेली होती. चेंडू रिंगमधून खाली पडत होता.

"आय टेल यू," सर पुटपुटले. ते खाली बसले.

दोन आठवड्यांनी ताईचा फोन आला. व्हिडीओ लावला होता, पण तिने कॅमेरा छताकडे केला होता.

"काका, तो व्हिडीओ पाठवणं बंद करा. प्लीज."

"का गो? सगली कौतुक करतात."

"त्या वाकण्यामुळेच माझी जागा जातेय." ती म्हणाली. "इथल्या पोरी कॅन्ससच्या पोरींसारख्या नाहीत. मी वाकून उठेपर्यंत त्यांची बास्केट होते. कोच तेरेझा तीन मॅचेस गप्प बसली. काल म्हणाली, किर्ती, यू आर अ वॉल. बट अ वॉल डज नॉट बेंड. रविवारची मॅच बघणार आणि मग ठरवणार, ठेवायचं का घरी पाठवायचं."

"मग नको वाकूस ना," काका म्हणाला, जसं काही पंखा बंद करायचा होता.

"नाही वाकले एकदा. ठरवून. मग माझं सगळं लक्ष समोरच्या पोरीच्या पायाकडे. नमस्कार करायचा राहिला, नमस्कार करायचा राहिला. पुढचे दोन फ्री थ्रो हवेत गेले. वाकले तर ती सुटते, नाही वाकले तर मी अडकते. दोन्हीकडून बास्केट त्यांचीच."

सगळ्यांनी हळूच आजीकडे पाहिलं. नियम तिचा होता.

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाय लागला तर नमस्कार करायचाच. त्यात काय इचारायचं?"

"विठाबाई," सर म्हणाले, "इट इज अ गेम. तिथे पाय लागणं म्हणजे अपमान नाही."

"तुमच्यात नसंल. आमच्यात हाय."

"अहो, माझ्यातही आहे! म्हणून तर मी हिला गाडीवरून उचलली!"

इथे आण्णांनी घसा खाकरला. आण्णांचा घसा खाकरणं म्हणजे रिक्षा थंडीत सुरू होते तसं, तीन वेळा फेल जातं, चौथ्यांदा लागतं. आण्णा तरुणपणी मोरिवलीच्या कबड्डी संघात कोपऱ्याला उभे राहायचे. चढाई करणारा आत आला की खाली झेप घालून त्याचा घोटा धरायचा, हे त्यांचं काम.

"किर्ते, कॅमेरा खाली घे, मना तोंड दिसू दे," ते म्हणाले. ताईचं नाक दिसलं, मग डोळे. "आता आयक. मी आख्खी जवानी मानसांच्या तंगड्या धरन्यात घालवली. दर टायमाला नमस्कार करत बसलो असतो तर गडी घरी जाऊन जेवला असता. मना पाप लागलं का?"

"मग तुम्ही काय करायचात?"

"आत शिरताना मातीला हात लावायचा, तो कपालाला. त्या मातीवर जे जे उभं हाय, आपलं, त्यांचं, पंच, समद्यांना एकदम नमस्कार पोचला. आधीच. मग खुशाल टांग धर."

ताईचे डोळे मोठे झाले. आम्ही आजीकडे पाहिलं. आजीने तांदळातला खडा काढून बाहेर टाकला.

"तुमची माती होती," ती म्हणाली. "तिथं लाकूड हाय. मी बघलंय, चकाचक."

आण्णा अडकले. खरंच अडकले, सरही. घरातल्या घरात खटला हरायची वेळ आली.

"लाकूड काय आभालातून पडलं?" आण्णा म्हणाले. "झाडाचंच ना? आन् झाड कशात उगवतं?"

आजीने हात थांबवला. ती विचार करत होती हे तिच्या जिभेवरून कळतं, ती गालात फिरते. "बरं," ती म्हणाली. "शिरताना करायचा. सुटताना परत करायचा. आन् मुद्दाम कुनाच्या पायावर पाय दिलास, तर त्याला ह्यो नमस्कार लागू नाय."

"नाही देणार, आजी."

"मंग वाकू नको. मी सांगते."

सर पटकन पुढे झाले. "आणि किर्ती, दोन्ही हात वर ठेव. कायम वर. हात वर असले की माणसाला वाकता येत नाही, करून बघ. समजलं?" आम्ही सगळ्यांनी करून बघितलं. वाकता येतं, पण माणूस फार वेडा दिसतो. ताई पडद्यात हसली, बऱ्याच दिवसांनी.

रविवारी पिठाच्या डब्यासमोर गर्दी झाली. टेकचंद अंकल उल्हासनगरहून आले होते, म्हणाले, "मेरा माल है उधर, देखना तो पड़ेगा." मॅचच्या आधी ताई कोर्टच्या रेषेपाशी थांबली. वाकली. दहा बोटं लाकडावर टेकवली, दोन्ही हात कपाळाला लावले आणि तिथेच थांबली. सगळ्यांची नावं घेत होती की काय कोण जाणे, पंचाने येऊन विचारलं बहुतेक, बरी आहेस ना. मग ती आत गेली.

पाच-सात मिनिटांत तो क्षण आला. समोरची अकरा नंबरची पोरगी चपळ, खारीसारखी. ती आत घुसली, ताईचा बूट तिच्या बुटावर. पडद्यावर ताईचा खांदा खाली झुकायला लागला. थोडासाच.

"हात!" सर ओरडले, जसं काही ते पोर्तुगालला ऐकू जाणार होतं.

खांदा थांबला. हात वर गेले. अकरा नंबरने फेकलेला चेंडू ताईच्या तळहातावर आपटून प्रेक्षकांत गेला.

आजी हळूच म्हणाली, "पोचला असंल तिला."

त्यानंतर ताई सुटली. म्हणजे खऱ्या अर्थाने सुटली. इतकी वर्षं तिचा एक डोळा जमिनीवर असायचा, तो पहिल्यांदा वर आला. तिला नारळ फेकताना पाहिलंय, तसे ती लांबच्या लांब पास द्यायला लागली, बरोब्बर ओंजळीत. राजूकाका ओरडला, "हिरवा सदरा, घ्या!" पाय चिक्कार लागले. कुणी मोजले नाहीत. टेकचंद अंकल सोडून सगळे चेंडू बघत होते. अंकल बूट बघत होते. "देखा? शिलाई? हिली नहीं!"

शेवटी त्यांची टीम हरली. दोन गुणांनी. ताईचा त्यात काही दोष नव्हता, दुसरीचा चेंडू रिंगला लागून बाहेर आला. पण हरली म्हणजे हरली. शिटी वाजली, ताई रेषेपाशी गेली, परत वाकली, लाकडाला हात, कपाळाला हात. अकरा नंबरची पोरगी शेजारी उभी राहून बघत होती. तिने काहीतरी विचारलं. ताईने काहीतरी सांगितलं, तिच्या बुटाकडे बोट दाखवून. अकरा नंबरने छातीवर हात ठेवला आणि मग ताईच्या दंडावर थोपटलं. खांदा तिच्या आवाक्यात नव्हता.

मोबाईल बंद झाला. काका म्हणाला, "बदलापूरच्या शालेत उद्या फोन करून ठेवतो." सरांनी चहाला हात लावला नाही. आण्णा घसा खाकरत राहिले आणि ती रिक्षा काही सुरू झाली नाही. आजीने पानं वाढली.

पहिला घास तोंडात आणि फोन वाजला. या वेळी कॅमेरा छताकडे नव्हता. आख्खा पडदाभर ताईचे दात.

"मोसमभर! तेरेझा म्हणाली, मॅच गेली जाऊ दे, भिंत मिळाली! उन्हाळ्यापर्यंत मी इथेच!"

आरडाओरडा असा झाला की शेजारच्यांना वाटलं सिलिंडर फुटला. सर खुर्चीवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होते आणि रडत होते. म्हणायला एकच शब्द सापडत होता: "पोझिशन! पोझिशन!"

"ताट सांडशील!" आजी काकावर ओरडली, आणि मग मोबाईलकडे तोंड करून, "सुटताना केलास ना नमस्कार?"

"केला आजी. बघितलंस ना?"

"बघलं. पन तोंडानं सांग."

राहिला सदूशेठचा फ्लेक्स. दुसऱ्या दिवशी आण्णा नाक्यावर गेले आणि म्हणाले, वाकलेला फोटो काढ, उभा लाव. सदूशेठ जरा नाराज झाले, कारण वाकलेल्या फोटोत त्यांच्यासाठी वर भरपूर जागा होती. ताई हात वर करून उभी, असा फोटो फ्लेक्समध्ये मावेना. आडवा बसेना, उभा केला तर खांबाएवढा. शेवटी फ्लेक्सवाल्याने तो वरच्या वायरींच्या जरा खालून सोडला तो थेट जमिनीपर्यंत. सदूशेठ तिच्या गुडघ्याजवळ, पासपोर्ट साईझ. आणि अगदी तळाशी, रस्त्याला टेकलेले, दहा नंबरचे बूट.

नाक्यावर रिक्षांची रांग लागते, भाजीवाल्या बसतात, जाता-येता कुणाचा ना कुणाचा पाय त्या बुटांना लागतोच. आणि लागला की माणूस थांबतो, वाकतो, फ्लेक्सला हात लावतो, कपाळाला नेतो. रिक्षावाले तर न बघता करतात.

काका म्हणाला, वर उचलून बांधायला सांगू या. आजी पिशवी घेऊन भाजीला निघाली होती. तिने बघितलं, एक कंपनीतला माणूस डबा सांभाळत वाकत होता.

"ऱ्हाऊ दे तिथंच," ती म्हणाली. "पोरीनं जलमभर नमस्कार दिले. आता येतात परत, तर येऊ देत."